वादळाआधी जनरेटर घेताना: नाशिककरांसाठी तयारीची यादी

चक्रीवादळ ही कोकणाची काळजी, आपण घाटमाथ्यावर सुरक्षित, असं नाशिकमध्ये सर्रास धरलं जातं. पण ३ जून २०२० ला श्रीवर्धन-दिवेआगरजवळ किनाऱ्याला धडकलेलं ‘निसर्ग’ पुढे कमजोर होत उत्तर महाराष्ट्राकडे सरकलं आणि नाशिकलाही वारा-पावसाने गाठलं. रायगड-रत्नागिरीतल्या कितीतरी गावांना त्यानंतर आठवडेच्या आठवडे लाइट नव्हती. आपल्याकडे इतकं होत नाही, मान्य. पण एप्रिल-मे महिन्यातला एक जोरदार वळीव, गंगापूर रोड किंवा इंदिरानगरातलं एखादं जुनं झाड ११ केव्हीच्या (११ हजार व्होल्टच्या) तारांवर, आणि सगळी गल्ली अंधारात, हे दर वर्षीचं आहे. महावितरणची माणसं आधी दवाखाने, पाणीपुरवठा आणि मुख्य फीडर (एका मोठ्या भागाला वीज नेणाऱ्या तारा) सुरू करतात. तुमच्या कोपऱ्यावरच्या ट्रान्सफॉर्मरची पाळी नंतर येते, आणि ते योग्यच आहे. म्हणून घरची तयारी घरच्यांनीच करायची, आणि ती पाडव्यापासून अक्षय्य तृतीयेपर्यंतच्या निवांत दिवसांत करायची. वादळाची बातमी आल्यावर दुकानात गेलात तर जे शिल्लक असेल ते घ्यावं लागतं.

दुकानात पाऊल टाकण्याआधी एक कागद घ्या आणि लाइट नसताना घरात काय चालायलाच हवं ते लिहा. काय चालत होतं ते नाही, काय चालायलाच हवं ते. सगळ्यात वर औषधोपचाराच्या वस्तू. घरात कुणी ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटरवर असेल तर पाच लिटरचं यंत्र साधारण ३०० ते ४०० वॅट घेतं आणि ते अखंड चालावं लागतं. अशा घरी जनरेटर हा दुसरा आधार, पहिला आधार भरलेला ऑक्सिजन सिलिंडर. जनरेटर सुरू करायला, पेट्रोल भरायला मिनिटं जातात, आणि त्या मिनिटांत माणसाला श्वास लागतोच. त्याखाली फ्रिज, पाण्याची मोटार, पंखे, दिवे, मोबाइल आणि वायफायचा राउटर. गिझर, इस्त्री, ओव्हन, एसी यांच्यावर सरळ काट मारा. गिझर एकटाच २००० वॅट खातो. दोन दिवस चुलीवर किंवा गॅसवर पाणी तापवलं तर काही बिघडत नाही.

आता प्रत्येकापुढे वॅट लिहा. आकडा वस्तूच्या मागच्या पाटीवर असतो. फ्रिज २००, साधे तीन पंखे २२५, एलईडीचे सहा दिवे ५४, राउटर १२, टीव्ही ८०, चार्जर मिळून ६०. बेरीज ६३१. एवढंच असतं तर प्रश्नच नव्हता. खरी परीक्षा मोटारीची. अर्ध्या एचपीची मोटार चालताना सुमारे ६०० वॅट घेते, पण सुरू होण्याच्या क्षणी त्याच्या तिप्पट आणि कधी त्याहून जास्त ओढते. म्हणजे १८०० वॅट धरा. फ्रिजचा कॉम्प्रेसरही असाच, फक्त लहान प्रमाणात. सगळं चालू ठेवून मोटार लावायची असेल तर २४३१ वॅटचा धक्का पेलणारा जनरेटर लागेल. मोटार लावताना फ्रिज आणि टीव्ही दहा मिनिटं बंद ठेवायची शिस्त घरात असेल तर २१५१ मध्ये भागतं. या शिस्तीने किमतीत चांगलाच फरक पडतो, म्हणून ती आधी घरात बोलून ठरवा.

नाशिककरांनी आणखी एक वजाबाकी करायची आहे. तिच्याबद्दल दुकानदार क्वचितच बोलतात. आपलं शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवर आहे. उंचीवर हवा विरळ, त्यामुळे इंजिनाला ऑक्सिजन कमी मिळतो. दर ३०० मीटरला ताकद साधारण साडेतीन टक्के घटते असं धरतात. म्हणजे इथे सहा-सात टक्के गेलेच, आणि मे महिन्याच्या चाळिशीच्या उन्हात अजून थोडे जातात. पाटीवर २५०० वॅट लिहिलेला सेट आपल्याकडे २३४० च्या आसपास देणार. पाटीवर दोन आकडे असतात, त्यातला ‘मॅक्स’ सोडून ‘रेटेड’ वाचा. मॅक्स काही क्षणांपुरता असतो, रेटेड तासन् तास चालतो. वरच्या हिशेबातल्या शिस्तीच्या घराला २५०० वॅट रेटेड पुरेल, शिस्त नको असेल त्यांनी ३०००च्या पुढे जावं. बोअरची दीड एचपीची सबमर्सिबल चालवायची असेल तर ही चर्चाच वेगळी होते: साधारण ५ केव्हीएपासून (मोठ्या सेटची क्षमता या मापात लिहितात) सुरुवात, आणि मोटार थ्री-फेज असेल तर सिंगल-फेज सेट तिला चालवणारच नाही. मळ्यातल्या घरांनी आधी मोटारीच्या पॅनेलवर हे बघून घ्यावं.

घरात इन्व्हर्टर असेल तर त्याला काढू नका, त्याच्या जोडीने विचार करा. १५० एएचची (अँपिअर-तासांची) ट्युब्युलर बॅटरी चांगल्या स्थितीत असेल तर तीन पंखे आणि चार दिवे चार-पाच तास ओढते. रात्र इन्व्हर्टरवर काढायची, जनरेटर सकाळी आणि संध्याकाळी लावायचा, त्या वेळात पाणी चढवायचं, फ्रिज थंड करून घ्यायचा, बॅटरी भरायची. मात्र बॅटरी भरताना १५ अँपिअरच्या आसपासच करंट घेते, तीन तासांत ती पूर्ण भरणार नाही. म्हणून रात्री एक पंखा बंद ठेवावा लागेल. काही इन्व्हर्टर स्वस्त जनरेटरची वेडीवाकडी वीज ओळखतच नाहीत आणि चार्जिंगच सुरू करत नाहीत. हे घेण्याआधी तपासून बघायला हवं. इन्व्हर्टर-प्रकारचा जनरेटर महाग असतो, पण त्याची वीज स्वच्छ, आवाज कमी आणि कमी भारावर पेट्रोलही कमी. लॅपटॉप, वैद्यकीय यंत्रं असलेल्या घरांनी पैसे इथे घालावेत असं माझं स्पष्ट मत आहे.

छतावर सोलर बसवलंय म्हणून निर्धास्त असलेल्यांसाठी दोन शब्द. ग्रिडला, म्हणजे महावितरणच्या तारांना, जोडलेलं साधं सोलर लाइट गेल्याबरोबर स्वतः बंद पडतं, भर दुपारीसुद्धा. तारांवर काम करणाऱ्या माणसाला शॉक बसू नये म्हणून ते तसंच बनवलेलं असतं. बॅटरी आणि हायब्रिड इन्व्हर्टर असेल तरच ते अंधारात उपयोगी पडतं.

इंधनाचं म्हणाल तर घरगुती मापाला पेट्रोलच. दोन-अडीच हजार वॅटचा सेट मध्यम भारावर तासाला लिटरच्या आसपास पितो, म्हणजे दिवसाला पाच तास आणि दोन दिवस धरले तर दहा लिटर. विनापरवाना ३० लिटरपर्यंतच पेट्रोल साठवता येतं, आणि घरात तेवढंही ठेवू नये. धातूचा, घट्ट झाकणाचा कॅन घ्या, तो घराबाहेर सावलीत ठेवा, स्वयंपाकघर आणि देवघरातल्या समईपासून लांब. वादळात पंपावरही लाइट नसते हे लक्षात ठेवून इशारा आला की आदल्या दिवशीच भरून आणा. हल्लीच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं, ते हवेतली ओल ओढतं, त्यामुळे महिन्याहून जुनं पेट्रोल जनरेटरमध्ये न घालता गाडीत घालून संपवा. घरगुती १४.२ किलोच्या सिलिंडरवर जनरेटर जोडून देणारे लोक भेटतात. त्यांना नाही म्हणा. तो सिलिंडर स्वयंपाकासाठी दिलेला असतो, आणि बाहेरून बसवलेल्या नळी-रेग्युलेटरची जबाबदारी कुणी घेत नाही.

इथे जरा थांबून वाचा, कारण पुढच्या दोन गोष्टींवर जीव अवलंबून आहेत.

पहिली गोष्ट धूर. जनरेटरच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातली ऑक्सिजनची जागा तो घेतो आणि झोपलेल्या माणसाला जाग येत नाही. अमेरिकेत २०२० च्या ‘लॉरा’ चक्रीवादळात लुइझियानामध्ये घरात किंवा घराला चिकटून ठेवलेल्या जनरेटरमुळे कुटुंबातली माणसं गेली. वादळातून वाचलेली माणसं. म्हणून बाल्कनी नाही, जिन्याखाली नाही, शटर अर्धवट उघडं ठेवून गॅरेजमध्ये नाही, बेसमेंटच्या पार्किंगमध्ये तर मुळीच नाही. खिडकी उघडी ठेवल्याने भागत नाही. दारं-खिडक्यांपासून किमान सहा मीटर लांब, उघड्यावर, धुराचं तोंड घराच्या आणि शेजाऱ्यांच्याही उलट दिशेला. फ्लॅटमध्ये अशी जागाच नसते, म्हणून तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्याने पेट्रोल जनरेटर घेऊच नये. त्याने मोठी बॅटरी घ्यावी किंवा सोसायटीच्या सेटसाठी बैठकीत आग्रह धरावा. रो-हाउस आणि बंगलेवाल्यांनी अंगणात चार खांबांवर पत्रा टाकून बाजू मोकळ्या ठेवाव्यात; पावसात ओला होणारा सेट शॉक देतो. गोदाकाठी सराफ बाजार, भांडी बाजार किंवा पुराचं पाणी येणाऱ्या भागात असाल तर सेट ओट्यावर, मागच्या पुराच्या खुणेच्या वर ठेवा. घरात बॅटरीवरचा कार्बन मोनॉक्साइड अलार्म लावा. डोकं दुखतंय, मळमळतंय, चक्कर येतेय असं घरातल्या दोघांना एकाच वेळी वाटलं तर आधी सगळ्यांना बाहेर काढा, मग १०८ ला फोन करा.

दुसरी गोष्ट चेंजओव्हर स्विच. दोन्ही टोकांना पिन लावलेली वायर करून जनरेटरची वीज भिंतीतल्या प्लगमध्ये सोडणारे आजही आहेत. मेन स्विच बंद करायला विसरलात तर ती वीज मीटरमधून बाहेर जाते, ट्रान्सफॉर्मरमध्ये उलटी शिरते आणि २३० व्होल्टचे हजारो व्होल्ट होऊन पलीकडच्या तारेत उतरते. त्या तारेवर पावसात खांबावर चढलेला लाइनमन असतो. त्याने आपल्या बाजूने लाइन बंद केलेली असते, तो बिनधास्त हात लावतो. तुमच्यासाठी रात्रभर राबणाऱ्या माणसाचा जीव असा जाऊ शकतो. म्हणून परवानाधारक वायरमनकडून डबल-पोल चेंजओव्हर बसवून घ्या, ज्यात एका वेळी एकच बाजू, महावितरणची किंवा जनरेटरची, जोडली जाते आणि न्यूट्रलही (विजेची परतीची तार) बदलतो. जनरेटरला अर्थिंग द्या, आणि घरातला गळती-विजेचा ब्रेकर जनरेटरच्या विजेवरही पडतो, म्हणजे आपोआप बंद होतो का ते वायरमनला दाखवायला सांगा. लहान सेटचा न्यूट्रल अर्थला जोडलेला नसेल तर तो पडतच नाही. वायर तांब्याची, तीन कोअरची, अडीच चौरस मिलिमीटर जाडीची. चार प्लगचा पातळ एक्स्टेन्शन बोर्ड या कामाचा नाही, तो गरम होऊन वितळतो.

खरेदीच्या दिवशी दुकानातच सेट सुरू करून मागा, आणि नुसता दिव्यावर नाही, एखाद्या मोटारीवर. दोरी घरातल्या आईंना किंवा सासूबाईंना ओढता येते का ते त्यांनाच नेऊन बघा. वादळाच्या दिवशी तरुण माणूस अंबड किंवा सातपूरला ड्युटीवर अडकलेला असू शकतो. नसेल ओढता येत तर सेल्फ-स्टार्टवाला घ्या. सर्व्हिस नाशिकमध्येच होते की सेट पुण्या-मुंबईला पाठवावा लागतो, हे विचारा आणि उत्तर बिलावर लिहून घ्या. स्पार्क प्लग आणि एक लिटर ऑइल तिथेच घेऊन ठेवा. पहिलं ऑइल २० तासांनी, पुढे १०० तासांनी बदलायचं असा बहुतेक लहान इंजिनांचा नियम असतो. तुमच्या पुस्तिकेत वेगळं असेल तर पुस्तिकेचं ऐका.

मोठ्या सोसायट्यांत डिझेल सेट असतो, पण तो कुणी तपासत नाही ही माझी खंत आहे. त्याची स्वतःची बॅटरी उतरलेली असते आणि लिफ्टमध्ये माणसं अडकल्यावर ते कळतं. महिन्यातून एकदा अर्धा तास खऱ्या भारावर, लिफ्ट आणि पंप जोडून चालवा. रिकामा चालवून काही कळत नाही, उलट डिझेल अर्धवट जळून इंजिनात काजळी साचते.

घरच्या सेटचंही तेच: महिन्यातून एकदा फ्रिज लावून वीस मिनिटं. पावसाळा संपला की इंधनाचा कॉक बंद करून इंजिन आपोआप थांबेपर्यंत चालू द्या, म्हणजे कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोल साचून चिकट होत नाही.

शेवटी चेंजओव्हरच्या शेजारी मोठ्या अक्षरांत एक कागद चिकटवा. लाइट गेली की १९१२ ला तक्रार नोंदवायची. वारा आणि विजा थांबेपर्यंत जनरेटरला हात लावायचा नाही. फ्रिजचं दार उघडायचं नाही. बंद फ्रिज चार तास थंड राहतो, तेवढ्यात शेजारच्या काकूंचं इन्सुलिन ठेवायचं असेल तर विचारून एकदाच ठेवायचं. ऑइल बघायचं, पेट्रोलचा कॉक उघडायचा, सेट भाराशिवाय सुरू करायचा, दोन मिनिटांनी चेंजओव्हर फिरवायचा, मग आधी मोटार आणि नंतर फ्रिज. पेट्रोल घालायचं तर सेट बंद करून पंधरा मिनिटं थंड होऊ द्यायचा. लाइट आली की लगेच फिरवायचं नाही, दहा मिनिटं थांबायचं, कारण ती पहिल्यांदा येते तेव्हा बऱ्याचदा पुन्हा जाते.