मशालीचा हिशेब: जुन्या पद्धतीचा डंजन चालवताना

गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन यांचा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा प्रत्येकाने एक काल्पनिक पात्र होऊन टेबलाभोवती खेळायचा खेळ १९७४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्या सुरुवातीच्या वर्षांच्या धाटणीने मित्रांसाठी खेळ चालवायचा असेल, तर आपण कथा सांगायला बसलेलो नाही, हे रेफरीने, म्हणजे खेळ चालवणाऱ्याने, आधी मनाशी पक्के करावे. त्याने एक धोकादायक जागा, म्हणजेच डंजन, तयार ठेवायची, तिचे नियम कोणाचीही बाजू न घेता पाळायचे आणि मित्र तिथे काय करतात ते पाहायचे. नियमांसाठी ‘बेसिक फँटसी’ या त्याच धाटणीच्या खेळाची पीडीएफ मोफत मिळते, त्याखेरीज चार ते वीस बाजूंचे फासे, चौकटींचा कागद आणि पेन्सिल एवढे पुरे.

जागेसाठी नाशिककराला दूर जावे लागत नाही. पांडवलेण्यांतील एखादा विहार आठवावा: पुढे ओसरी, आत मोठा मंडप आणि तीन बाजूंना छोट्या खोल्या. हा आराखडा कागदावर उतरवून एका खोलीच्या मागे खाली जाणारा जिना काढला की पहिल्या बैठकीपुरता नकाशा तयार होतो. मात्र लेणी हे श्रद्धास्थान आहे. म्हणून आराखडा घ्यावा, मूर्ती आणि शिलालेख घेऊ नयेत. दहा-बारा खोल्यांपैकी तीन-चार खुशाल रिकाम्या ठेवाव्यात, कारण प्रत्येक दारामागे काहीतरी असतेच हे कळले की खेळाडू दाराला कान लावणे सोडून देतात.

खरी गंमत वेळेच्या हिशेबात आहे, आणि नवे रेफरी नेमका तोच टाळतात. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’च्या १९८१ च्या बेसिक नियमांत दहा मिनिटांचा एक टर्न असतो, मशाल सहा टर्न जळते आणि दर दोन टर्नांनी सहा बाजूंचा फासा टाकून एक आला तर भटके राक्षस येतात. कागदाच्या कडेला सहा चौकटी काढून सर्वांसमोर एकेक खोडत जावे. पाचवी चौकट खोडली गेल्यावर “भिंत ठोकून बघतो” म्हणणारा मित्र पिशवीत किती मशाली उरल्या ते मोजू लागतो, आणि त्याला घाबरवण्यासाठी वेगळे वर्णन करावे लागत नाही.

राक्षस दिसला म्हणजे लढाई जुंपलीच, असेही नाही. आधी दोन फासे टाकून त्याचा कल पाहावा: दोन आले तर तो तत्काळ हल्ला करतो, बारा आले तर मैत्रीला तयार होतो आणि मधल्या बहुतेक आकड्यांवर बोलणी शक्य असतात. याच नियमांत बाहेर आणलेल्या संपत्तीतील प्रत्येक सोन्याच्या नाण्याला पात्राची पातळी वाढवणारा एक अनुभवगुण मिळतो, तर राक्षस मारण्याचे गुण त्यामानाने किरकोळ असतात; त्यामुळे लाच देणे, चकवणे, प्रसंगी सरळ पळ काढणे हाच शहाणपणा ठरतो.

फासे उघड्यावर टाकावेत आणि पात्र मेले तर मरू द्यावे. पात्राच्या सहा क्षमतांसाठी सहा बाजूंचे तीन फासे सहा वेळा टाकून, आकडे आले त्या क्रमाने लिहून घेतले की नवे पात्र लवकर उभे राहते. कोऱ्या कॅरेक्टर शीट (पात्राची माहिती लिहायचे कागद) मात्र जवळ असाव्यात. बैठक संपण्यापूर्वी पात्रांच्या पथकाला डंजनबाहेर काढावे, म्हणजे सिन्नरहून येणाऱ्याला पुढच्या रविवारी जमले नाही तरी उरलेल्यांचा खेळ अडत नाही.