लग्नानंतर परमुलखात जाताना स्वतःला हरवू नये म्हणून

पासपोर्ट, जन्मदाखला, पदवीची प्रमाणपत्रं: मूळ कागद स्वतःच्याच ताब्यात, स्कॅन स्वतःच्या ईमेलवर. आडनाव बदलायची घाई नको. एका कागदावर नवं, बाकीच्यांवर जुनं राहिलं की पुढचे अर्ज अडू शकतात.

पहिले काही महिने फसवे. मिठाचा डबा कुठे ठेवलाय हेही विचारावं लागतं आणि दिवसभरात आपल्याला नावानं हाक मारणारं कुणी नसतं. म्हणून आठवड्यातून दोनदा, ठरल्या वेळी, एकटीनं बाहेर पडा. भाषेचा वर्ग, वाचनालय, काहीही चालेल. फक्त तिथे तुम्ही ‘अमक्याची बायको’ नसाव्यात. माहेरी फोन दिवसाआड अर्धा तास पुरे (रोजच्या तासाभरानं नव्या जागी रुळणं लांबू शकतं). झोप, भूक दोन आठवडे बिघडलेलीच राहिली, तर डॉक्टरांना गाठा.