जलचरांचं डीएनए बारकोडिंग (डीएनएच्या छोट्या तुकड्यावरून जात ओळखणं): या चुका टाळा

तपासणीच्या जेलवर डीएनएचा पट्टा (बँड) आला नाही की आपण आधी प्रायमरला, म्हणजे हवा तो तुकडा शोधणाऱ्या छोट्या डीएनएला, शिव्या घालतो. बहुतेक वेळा दोष नमुन्याच्या बरणीत असतो. फॉर्मॅलिनमध्ये डीएनए तुटतो आणि प्रथिनांना चिकटून बसतो. म्हणून परांचा छोटा तुकडा नदीकाठीच 95 टक्क्यांच्या इथेनॉलमध्ये टाका, मग उरलेला मासा खुशाल फॉर्मॅलिनमध्ये ठेवा. दोन्हींवर एकच क्रमांक हवा, आणि तोही पेन्सिलनं. इथेनॉल सांडलं की पेनची शाई गेलीच. मांसातल्या पाण्यानं इथेनॉल पातळ होतं, तेव्हा दुसऱ्या दिवशी ते बदला.

गोगलगायीच्या चिकट स्रावानं पीसीआर, म्हणजे डीएनएच्या प्रती काढायची प्रक्रिया, अडतो. नवं किट मागवण्याआधी डीएनए दहापट पातळ करून पाहा, फुकटात काम होतं. शिंपल्यांची गंमत वेगळीच. गोड्या पाण्यातल्या अनेक जातींत नराच्या जननग्रंथीत बापाकडून आलेला मायटोकाँड्रियल डीएनए (पेशीतल्या मायटोकाँड्रियातला, एरवी आईकडून येणारा) असतो. तिथला तुकडा घेतलात तर एकच जात दोन जातींसारखी दिसते. नव्या जातीचे पेढे वाटण्याआधी पायाचा तुकडा घेऊन पुन्हा तपासा.

सीओआयच्या (बारकोडिंगसाठी वापरतात त्या मायटोकाँड्रियातल्या जनुकाच्या) मधोमध स्टॉप कोडॉन, म्हणजे प्रथिन तिथंच थांबवणारी तीन अक्षरं, दिसला तर आधी डीएनएवरून प्रथिन वाचायचा भाषांतराचा तक्ता बघा. एजीए हा कोडॉन माशाच्या मायटोकाँड्रियात ‘थांबा’ म्हणतो, खेकड्याच्या मायटोकाँड्रियात तोच सेरीन हे अमिनो आम्ल देतो. तक्ता बरोबर असूनही स्टॉप येत असेल, तर ती बहुधा केंद्रकात शिरलेली निकामी प्रत आहे.

सगळ्यात महागात पडतो तो जेनबँकवरचा, म्हणजे डीएनए क्रमांच्या सार्वजनिक संग्रहावरचा, आंधळा विश्वास. आपला क्रम 99 टक्के जुळला, पण कोणाशी? ज्यानं तो क्रम टाकला त्यानं मासा नीट ओळखला होता का? महासीर या नदीतल्या मोठ्या माशाचंच घ्या. टॉर खुद्री या महासीरच्या जातीचं वर्णन निसर्ग अभ्यासक साइक्सनं 1839 मध्ये पुण्याच्या मुळा-मुठेतल्या माशावरून केलं. पुढे लोणावळ्याच्या हॅचरीतली (मत्स्यबीज केंद्रातली) त्याची पिल्लं थेट कावेरीत सोडली गेली. तिथल्या मूळच्या कुबडदार महासीरला टॉर रेमादेवी ही शास्त्रीय ओळख मिळायला मात्र 2018 उजाडलं. मग ‘कावेरीतला महासीर’ एवढ्या लेबलवरून काय कळणार? जपून ठेवलेला नमुना नसेल तर त्या क्रमावर मी तरी विसंबत नाही.

कटला-रोहू संकर सीओआयनं पकडायला जाऊ नका. हा जनुक आईकडूनच येतो. आई रोहू असेल तर पोरही अस्सल रोहूच ठरतं. त्यासाठी मायक्रोसॅटेलाइटसारखे (छोट्या, पुन्हापुन्हा येणाऱ्या क्रमांचे) केंद्रकातले मार्कर, म्हणजे ओळखखुणा, लागतात. तेही एकाच डबक्यातल्या 30 पिल्लांवर चालवलेत, तर नदीतल्या माशांऐवजी एका घरच्या भावंडांचा अभ्यास होईल.