खानापूरच्या रानात कुत्र्यासोबत मुक्काम: आधी गोचिडीचं बघा

कुत्र्याला रानात न्यायचं ठरलं की लोक विचारतात, तंबू केवढा घ्यायचा, खायला काय न्यायचं. हे ज्याचं त्याला कळतं. गोचिडीबद्दल मात्र कुणी विचारत नाही. मी गेली नऊ वर्षं बेळगावहून खानापूर तालुक्यात जांबोटी, कणकुंबी, चोर्ल्याच्या बाजूला मुक्कामाला जातो, सोबत चंपी असते. चंपी म्हणजे आमची जवारी, म्हणजे गावठी, कुत्री. एवढ्या वर्षांत तिच्या जिवावर बेतलं ते एकदाच, आणि तेही खसखशीएवढ्या किड्यांमुळे.

जागा

भीमगड अभयारण्यात कुत्रा न्यायचा नाही. २०११ साली घोषित झालेलं, सुमारे १९० चौरस किलोमीटरचं हे रान आहे. गवाळी, आमगाव अशी गावं त्याच्या पोटात आहेत. तिथे ओळखीचं घर असलं, तरी कुत्रा बेळगावातच ठेवून जा. पाळीव कुत्र्याकडून डिस्टेंपर आणि पार्वो हे जीवघेणे आजार रानकुत्र्यांत जातात, आणि त्यांना लस टोचायला कुणी जात नाही. बाहेरच्या राखीव जंगलातही वनखात्याच्या परवानगीशिवाय तंबू ठोकता येत नाही. म्हणून मालकीचं शेत बघा, मालकाला आधी विचारा आणि कुत्रा सोबत आहे हे तेव्हाच सांगा.

दिवाळीनंतर भात कापून झालं की शिवार मोकळं होतं. तिथपासून जानेवारीअखेरपर्यंतचे दिवस बरे. पावसाळ्यात जाऊ नका: जळवा असतात, आणि साचलेल्या पाण्यातून लेप्टो, म्हणजे लेप्टोस्पायरोसिसचा ताप, होतो.

दोरी

रानात कुत्रा एक मिनिटही मोकळा सोडायचा नाही. ‘माझा कुत्रा हाकेला येतो’ हे मला सांगू नका. गव्याचा वास लागला की हाक कानापर्यंत पोचत नाही. अस्वलावर भुंकलेला कुत्रा पळतो तो तुमच्याकडेच, आणि मागून अस्वल येतं. डुकरांसाठी लावलेले फासे, कुंपणात सोडलेला करंट, हेही आलंच. सहा फुटी दोरी आणि अंगाला नीट बसणारा पट्टा एवढं पुरतं. लांबणारी दोरी नको, झुडपात गुंतते.

रात्र

अंधार पडायच्या आत कुत्रा तंबूत, सकाळी उजाडल्यावर बाहेर. आम्ही ज्यांच्या शेतात उतरतो त्या मामांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, “भाईर बांधू नका ओ, बिबळ्या आधी त्यालाच न्हेतोय.” बांधलेल्या कुत्र्याला पळताही येत नाही. राखणीला म्हणून त्याला बाहेर ठेवणाऱ्यांसोबत मी मुक्कामाला जात नाही.

गोचीड

आता मुद्द्याचं. पहिल्या वर्षी आम्ही मार्चमध्ये गेलो. जांभळाखाली गार सावली, मऊ पालापाचोळा, शेजारी ओढा. जागा बघून मन भरलं, तंबू तिथेच ठोकला. ती जागा गुरांची होती. दुपारी गावची जनावरं तिथेच बसायची, आणि त्यांच्या अंगावरून गळलेल्या गोचिडी तिथल्याच पाल्यात वाढायच्या. सकाळी चंपीच्या कानांत, बोटांच्या बेचक्यांत तीसेक गोचिडी निघाल्या. कुणीतरी सांगितलं, रॉकेल लावा, आपोआप सुटतात. लावलं. काही सुटल्या, काही मी बोटांनी ओढून तोडल्या. सगळं झालं असं समजून घरी आलो.

बाराव्या दिवशी तिने भाकरीला तोंड लावलं नाही. हिरड्या पांढरट पडल्या होत्या, लघवी चहासारखी काळपट. रक्त तपासलं तर बबेसिया. म्हणजे गोचिडीच्या चाव्यातून आत शिरलेला आणि तांबड्या पेशी फोडणारा जंतू. ती वाचली, पण अंगणातून पुन्हा धावायला तिला दोन महिने लागले. त्यानंतर मी जे शिकलो ते असं.

जागा उन्हातली आणि उघडी हवी. गोचिडीला ओल आणि सावली लागते. तापलेल्या उघड्या मातीवर ती सुकून मरते. म्हणून मी मामांना खळं मागतो. मळणी आता मशीनवर होत असली, तरी चोपून घट्ट केलेली ती जागा बऱ्याच शेतांत अजून असते. गवत नाही, पाचोळा नाही, गुरं बसत नाहीत. सावली नसते हे खरं, पण डिसेंबरात ती लागतेच कुठे?

औषध निघायच्या आदल्या दिवशी द्यायचं नसतं. चघळायच्या गोळ्या मिळतात. फ्लुरालानरची गोळी साधारण बारा आठवडे चालते. ती मी आठवडाभर आधी देतो. एक गोष्ट लोकांना माहीत नसते: गोळी रक्तातून काम करते, म्हणजे गोचीड चावल्यावरच मरते. केसांवर नुसती चालणारी गोचीड जिवंतच असते, आणि ती कुत्र्यावरून तुमच्या पांघरुणात उतरते. म्हणून गोळी दिली तरी तपासणी चुकवायची नाही. कुत्र्याला फिट येत असतील तर ही गोळी देण्याआधी डॉक्टरांना जरूर सांगा. आणि गुरांना लावायचं औषध अंदाजाने पाण्यात मिसळून कुत्र्याला चोळू नका. गावात हा सल्ला हटकून मिळतो. प्रमाण चुकलं तर कुत्रा गुंगतो, कधी मरतोही.

तपासणी तंबूत शिरण्याआधी, उजेड असताना करायची. पांढरी चादर अंथरा, कुत्र्याला तिच्यावर आडवं करा आणि बोटं केसांच्या उलट दिशेने, दाबून, सावकाश फिरवा. डोळ्यांवर भरवसा ठेवू नका. लहान पिल्लं खसखशीएवढी असतात, त्याहून मोठी तिळाएवढी. कानाच्या घड्या, पापण्यांची कड, गळपट्ट्याखाली, काखा, जांघा, शेपटीच्या बुडाशी, प्रत्येक बोटाच्या मध्ये. चंपीला पूर्ण बघायला मला वीस मिनिटं लागतात. पाच मिनिटांत झालं असेल, तर ते झालेलं नाही. खसखशीएवढी पिल्लं झुबक्याने चढली असतील तर चिकटपट्टी दाबून उचला.

चिकटलेली गोचीड काढायला बारीक टोकांचा चिमटा लागतो. तिला पोटाशी नाही, कातडीला अगदी लागून धरायचं आणि सरळ वर, एकाच जोराने, हळू ओढायचं. पिळायचं नाही, झटका द्यायचा नाही. रॉकेल, तेल, मीठ, पेटती काडी, यांतलं काहीही लावायचं नाही: त्रास झाला की ती पोटातलं जखमेत ओकू शकते, आणि आजार तिथूनच जातो. निघाली की स्पिरिटच्या बाटलीत टाका. नखावर चिरडू नका, ते रक्त तुमच्या हाताला लागतं. मग जागा साबणाने धुवा.

हे माणसासाठीही तितकंच गरजेचं आहे. माकडताप, कन्नडात ‘मंगन कायिले’, याच किड्यांमुळे होतो. त्याचा विषाणू १९५७ साली शिवमोग्ग्याकडच्या क्यासनूर जंगलात पहिल्यांदा सापडला. चोर्ला उतरून लागणाऱ्या गोव्यातल्या सत्तरीत आणि तिलारीच्या दोडामार्गातही तो आलेला आहे. रुग्ण जास्त सापडतात ते डिसेंबर ते मे, म्हणजे आपले फिरायचे बरेच दिवस त्यातच येतात. पँट मोज्यात खोचा, मोजे पांढरे घाला, झोपायच्या आधी स्वतःचं अंगही बघा. मेलेलं माकड दिसलं तर कुत्र्याला घेऊन तिथूनच मागे फिरा आणि गावच्या आरोग्य केंद्रात कळवा. घरी आल्यावर आठ-दहा दिवसांत अचानक सडकून ताप, डोकं आणि अंग ठणकणं सुरू झालं, तर दुकानातून गोळी आणून खात बसू नका. डॉक्टरांना पहिलं वाक्य हेच सांगा, की मी रानात राहून आलोय.

परतताना

गाडीत बसण्याआधी पुन्हा एक तपासणी. घरी पोचलात की तंबू आणि चादरी अंगणात कडक उन्हात टाका, घरात नेऊ नका. कुत्र्यावरची तांबडी गोचीड भिंतीच्या फटीत शिरून हजारोंनी अंडी घालते. पुढचा आठवडा रोज संध्याकाळी बोटं फिरवा.

आणि कॅलेंडरवर तीन आठवडे खूण करून ठेवा. तेवढ्या दिवसांत रोज सकाळी कुत्र्याचा ओठ वर करून हिरडी बघायची. गुलाबी असेल तर ठीक. फिकट दिसली, खाणं सुटलं किंवा लघवी काळपट झाली, तर त्याच दिवशी रक्त तपासायला न्या.