‘तरच’ आणि ‘तरी’ इंग्रजीत लिहिताना

रावेर तालुक्यातून आखाताकडे जाणाऱ्या केळीचा इंग्रजी पत्रव्यवहार मी गेली सहा वर्षे सांभाळते. घरी लेवा बोली, शाळेत मराठी आणि पाचवीपासूनचे इंग्रजी, एवढ्या शिदोरीवर मी या कामाला लागले. खानदेशातून अशा नोकरीत येणाऱ्यांना मी आधी अटींची वाक्ये घोटायला लावते, कारण व्यापारातले सगळे वायदे ‘जर-तर’वरच उभे असतात.

सुरुवातीला मी एका खरेदीदाराला लिहिले होते, ‘इफ यू पे बाय फ्रायडे, देन ओन्ली वी विल लोड द कंटेनर.’ शुक्रवारपर्यंत पैसे आले तरच कंटेनर भरू, असे मला म्हणायचे होते. त्याने उलट विचारले, माल फक्त तुम्हीच भरणार, आमच्या माणसांनी यायचे नाही का? ‘ओन्ली’ हा शब्द ‘वी’ला चिकटल्यामुळे त्याने ‘फक्त आम्ही’ असा अर्थ घेतला होता, आणि त्यात त्याची काहीच चूक नव्हती. मराठीत ‘च’ हा ‘तर’ला लागतो, इंग्रजीत तेच काम करणारे ‘ओन्ली’ मात्र ‘इफ’च्या लगेच आधी बसते: ‘वी विल लोड द कंटेनर ओन्ली इफ यू पे बाय फ्रायडे.’ मग ‘देन’ची गरजच उरत नाही. जोर देण्यासाठी हीच अट आरंभी आणली, तर मुख्य वाक्यातले ‘विल’ कर्त्याच्या आधी जाते: ‘ओन्ली इफ यू पे बाय फ्रायडे विल वी लोड द कंटेनर.’ नुसत्या ‘इफ’ने सुरू होणाऱ्या वाक्यात अशी उलटापालट होत नाही, म्हणून नवख्यांनी पहिलीच रचना वापरावी, असे माझे मत आहे.

‘तरी’ त्याहून अवघड आहे. ‘तापमान उतरले तरी’ या मराठी शब्दांत ते खरोखर उतरले की नाही, हे संदर्भावरून कळते. इंग्रजीत ते लिहिणाऱ्यालाच ठरवावे लागते. केळी साधारण १३ अंश सेल्सिअसच्या खाली राहिली की साल काळवंडते, त्यामुळे नुकसानीच्या दाव्यात हा फरक थेट पैशांचा असतो. ‘इव्हन इफ द टेम्परेचर फेल’ असे लिहिले, तर आपण ती गोष्ट केवळ घटकाभर धरून चालतो; ‘इव्हन दो’ लिहिले की ती घडल्याचे आपणच कबूल करतो. आपल्याकडे पुष्कळ जण नुसते ‘इव्हन’ लिहून पुढे जातात, पण तो शब्द एकटा दोन वाक्ये जोडू शकत नाही.

‘बहुधा’साठीचे ‘प्रॉबेब्ली’ सहसा ‘विल’नंतर येते, ‘वोन्ट’ असेल तर त्याच्या आधी.

आजही पत्र पाठवण्यापूर्वी मी प्रत्येक ‘ओन्ली’ आणि ‘इव्हन’वर बोट ठेवते आणि त्याच्या पुढचा शब्द मोठ्याने वाचते.