सोलो सायकल टूरचा पहिला दिवस: या चुका टाळा

सोलो टूरला निघालेल्या बऱ्याच जणांचं घोडं दुसऱ्या दिवशी सकाळी अडतं, गुडघा वाकत नाही, सीटवर बसवत नाही, आणि त्याचं मूळ बहुतेक वेळा पहिल्याच दिवसात असतं. पहिल्या दिवशी किती किलोमीटर मारले याला काही अर्थ नाही, दुसऱ्या दिवशी तुम्ही आणि सायकल दोघं धडधाकट पाहिजे, बस.

सगळ्यात मोठी चूक अंतराची. नाशिक ते पुणे हाच रस्ता घ्या, साधारण २१० किलोमीटर. रविवारी मोकळ्या सायकलवर त्र्यंबकला जाऊन आलं की ६० होतात, मग वाटतं पहिल्याच दिवशी निम्म्याहून पुढचं नारायणगाव गाठू. अजिबात नको. मागे १२-१५ किलो सामान लादलं की तीच सायकल चढाला वेगळीच वागते. संगमनेर ७० च्या आसपास आहे, तिथेच मुक्काम करा आणि पुढचा चंदनापुरी घाट सकाळी ताज्या पायांनी चढा. नाशिकच्या द्वारका चौकातून निघाल्यावर सकाळची गार हवा असते, अंगात जोर असतो, लोक सुसाट सुटतात आणि मोहदरी घाटात दम निघतो, म्हणून पहिला तासभर मुद्दाम हलका गिअर ठेवा, बोलता येईल इतकाच श्वास लागला पाहिजे.

सामान बांधून आधी एकदाही न चालवणं ही दुसरी चूक. नाशिक सोडल्यावर लागणाऱ्या शिंदे-पळसे गावांच्या आसपास थांबाच, कितीही छान चाललं असलं तरी. कॅरियरचे बोल्ट ऍलन कीने (षटकोनी चावीने) आवळा, ते नेमके पहिल्या काही किलोमीटरमध्ये ढिले होतात. टाच बॅगेला लागत असेल तर बॅग मागे सरकवा. हँडल डगमगत असेल तर वजन वर गेलंय, टूल, कुलूप, पाणी असं जड सगळं बॅगेच्या तळाशी घाला.

गुडघा पुढून दुखतोय? सीट बहुतेक खाली आहे. मागून दुखतोय तर वर. एकावेळी ३-४ मिलिमीटरच हलवा आणि थोडं चालवून बघा, आणि उद्या बघू म्हणून तसंच दामटू नका.

पंक्चर काढताना घाई होतेच, एकटे असलो की जास्तच. नवी ट्यूब टाकली, हवा भरली, दोन किलोमीटरवर परत फुस्स, कारण बाभळीचा काटा टायरमध्येच राहिलेला. जुनी ट्यूब फुगवून गालाजवळ फिरवा, हवा कुठून येते ते कळतं, मग व्हॉल्व्हपासून अंतर धरून टायरवर तीच जागा बघा. काट्याचं टोक बाहेरून दिसत नाही, आतून फडकं फिरवलं की अडकतं, नुसतं बोट फिरवू नका. आणि मिनी पंप घरीच एकदा वापरून बघा, व्हॉल्व्हला बसतो की नाही ते हायवेवर कळायला नको.

नाशिककर असूनही सांगतो, निघताना तर्रीवाली मिसळ नको, पुढे चढाला छातीत जळजळ होते. पोहे, केळी, उकडलेलं अंडं बरं. तहान लागायची वाट न बघता तासाला अर्धा ते पाऊण लिटर पाणी, उन्हात त्यातल्या एका बाटलीत ओआरएस. नुसतं पाणी ढोसत राहिलात तर घामातून गेलेलं मीठ भरून निघत नाही.

पॅडवाल्या शॉर्टच्या आत अंडरवेअर घालायची नाही, शिवण घासून कातडी सोलवटते. निघण्याआधी व्हॅसलिन लावा, आणि मुक्कामाला उजेडात पोचा, ट्रकच्या रस्त्यावर अंधारात एकट्याने चालवायचं काही कारण नाही. पोचलात की घरी एक फोन, मग पहिली ती शॉर्ट धुवून पंख्याखाली टाका, चेन पुसा आणि टायर बोटांनी दाबून बघा, हळूहळू हवा जात असेल तर रात्रीच कळेल.