बेससाठी कमी आउटपुटचा पिकअप निवडताना

बेस गिटारचा आवाज अ‍ॅम्पमध्ये फाटतोय? नवा पिकअप (तारांखालचा चुंबक आणि गुंडाळीचा भाग, जो तारांची कंपनं विजेच्या संकेतात बदलतो) घेण्याआधी आहे तोच स्क्रूने थोडा खाली करून पाहा. फुकटचा उपाय आहे, आणि पुष्कळदा तेवढ्यावर भागतं. चुंबक तारांच्या फार जवळ असेल तर तारा ओढल्या जातात, सूरही डळमळतो.

तरीही बदलायचाच असेल, तर गुंडाळीत कमी वेढे असलेला घ्या. वेढे कमी झाले की आउटपुट घटतं, पण वरचे स्वर मोकळे होतात. फेंडरच्या प्रिसिजन बेसच्या जुन्या धाटणीच्या पिकअपचा रोध साधारण १० ते ११ किलोओहम असतो. मात्र नुसत्या ओहमवर भुलू नका. गुंडाळीची तार बारीक असेल तर कमी वेढ्यांतही आकडा फुगतो. फेंडरच्याच दोन पिकअपच्या जॅझ बेसवर दोन्ही पिकअप जोडीनेच बदला.